वीस पुंगळ्या आणि वरचा पुठ्ठा

“डोळा आहे हिला,” बाबा म्हणाले.

तीनच शब्द. पण ते ठिणगीबद्दल नव्हते, गोगलबद्दल होते, आणि इथूनच सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

ठिणगी म्हणजे बाबांची धाकटी लेक. वय पंधरा, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची उसंत नाही. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. गोगल म्हणजे तिची मावसबहीण, तिच्याहून एका वर्षाने लहान. मावशीला वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं, म्हणून चार महिन्यांपूर्वी गोगल यांच्याकडे राहायला आली. तिचं नाव ठिणगीने ठेवलं होतं: गोगलगाय. कारण बाई एकदा दात घासायला उभी राहिली की बाहेर रांग लागायची. पण घरच्यांनी त्या नावाचं लाडाने ‘गोगल’ केलं आणि ते चक्क गोंडस वाटायला लागलं! ठिणगीचा पहिला डाव तिथेच फसला.

बाबांचं वर्कशॉप नेमबाजीच्या मैदानाला लागून होतं. एक लांबट खोली, एक टेबल, एक कपाट, बसायला दोन स्टुलं. रायफलीतून गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती फेकायची नसते. नीट निगा राखली तर त्याच पुंगळीत पुन्हा दारू आणि गोळी भरता येते, पाच वेळा, दहा वेळा, त्याहूनही जास्त. मैदानावरचे नेमबाज आपापल्या पुंगळ्या डब्यात घालून बाबांकडे आणून द्यायचे.

धुणं, घासणं ही हमाली. खरं काम मानेचं. पुंगळीचं वरचं तोंड, ज्यात गोळी बसते, ती मान. प्रत्येक बाराला मान फुगते, मग तिला दाबून परत बारीक करतात. असं चार-पाचदा झालं की पितळ हट्टाला पेटतं, कडक होतं आणि एक दिवस तडकतं. म्हणून मानेला ज्योतीत गरगर फिरवायचं, नरम करायचं आणि पाण्याच्या बादलीत टाकायचं.

“किती तापवायची?” हा प्रश्न ठिणगीने आठवीत असताना विचारला होता.

“हाच तर सगळा धंदा आहे,” बाबा हसून म्हणाले होते. “कमी तापली तर आपण नुसताच गॅस जाळला. जास्त तापली तर मान मेणासारखी होते, गोळी घट्ट धरतच नाही. आणि धग खाली बुडापर्यंत गेली तर ती पुंगळी सरळ हातोडीखाली. सगळा धक्का बूड झेलतं, ते कडकच हवं.”

बुडासाठी उपाय होता. प्रत्येक पुंगळीच्या कमरेला एक हिरव्या रंगाची रेघ ओढायची. धग तिथवर पोचली की रेघ वितळते, मग पुंगळी बाद. पण मानेसाठी रेघ नाही, बिघ नाही, नुसते डोळे. पितळेवर पहिली लाली येते ना, दिसली की नाही असं वाटायला लावणारी, तिथेच काढायची. ठसठशीत दिसली म्हणजे वेळ गेली. आणि ती पहिली लाली फक्त अंधारात दिसते. म्हणून बाबांचा नियम होता: आधी पडदा, मग ज्योत. खिडकीवर जाड काळा पडदा आणि कपाटाच्या वर, झरोक्यात, माप घेऊन कापलेला पुठ्ठा. दोन्ही लागल्याशिवाय काडी ओढायची नाही.

ठिणगी दोन वर्षं हे शिकत होती. दोन वर्षं! आधी नुसता ब्रश, मग बादली, मग ज्योतीसमोरचं स्टूल. पुंगळी धरायचं यंत्र एका हातात, दुसरा हात मांडीवर, डोळे ज्योतीत रोवलेले, ओठांवर आकडे. शंभरातल्या ऐंशी बरोबर यायच्या. बाबा म्हणायचे, “जमतंय.” जमतंय हा काही वाईट शब्द नाही. पण त्या दिवशी गोगल कोपऱ्यात बसून पुंगळ्या धूत होती, आणि बाबांनी गंमत म्हणून तिला विचारलं, “सांग बघू, कधी काढू?”

गोगलने मान वर केली. आरामात. “आत्ता.”

बाबांनी पुंगळी काढली आणि उलटीसुलटी करून बघितली. दुसरी घेतली. “आत्ता.” तिसरी. “आत्ता.”

आणि मग ते तीन शब्द.

ठिणगीच्या हातातला ब्रश रंगाच्या बाटलीतच राहिला. तिच्या अंगाचा असा काही तिळपापड झाला की विचारू नका. जिला चहाचं आधण उकळून सांडेपर्यंत कळत नाही, तिला डोळा? जी झोपेतून उठल्यासारखी दिवसभर वावरते, तिला डोळा? त्या रात्री जेवताना बाबांनी गोगलला आग्रहाने वाढलं, तेही ठिणगीने मोजलं. ताईने गोगलला स्वतःचा जुना स्वेटर दिला, तेही. स्वेटर ठिणगीला तीन वर्षांपूर्वीच लहान झाला होता, पण मुद्दा तो नव्हता!

“तुझ्या पोटात दुखतंय का?” ताईने विचारलं.

“नाही.”

“मग तोंड असं का केलंयस?”

“माझं तोंडच असं आहे.”

“हो, ते खरं,” ताई म्हणाली आणि दिवा घालवून झोपली.

ताई म्हणजे एकोणीस वर्षांची थोरली बहीण, घरातली नेमबाज. पुढच्या रविवारी तिची निवड स्पर्धा होती. तीन वर्षं ती या एका रविवारसाठी सराव करत होती. स्पर्धेसाठी तिला शंभर पुंगळ्या हव्या होत्या, सगळ्यांच्या माना एकसारख्या नरम. एक घट्ट आणि एक सैल असेल तर एक गोळी वर जाते आणि दुसरी खाली, मग नेम कितीही चांगला असो. दारू आणि गोळ्या ती स्वतः भरायची, पण नरम करायचं काम दरवेळी बाबाच करायचे.

आणि नेमके स्पर्धेला दहा दिवस उरले असताना बाबांनी डब्याचं झाकण उघडताना अंगठा कापून घेतला. चार टाके. एवढं मोठं पांढरं बँडेज की अंगठ्याला थंडी वाजतेय असं वाटावं.

“आता माझ्या पुंगळ्या कोण करणार?” ताईचा आवाज चिरकला.

“मी!” ठिणगी म्हणाली. प्रश्न संपायच्या आत.

बाबांनी ठिणगीकडे बघितलं, मग गोगलकडे. ते बघणं ठिणगीला सुईसारखं टोचलं.

“शनिवारी दुपारी दोघींनी भंगारातल्या वीस-वीस पुंगळ्या करा,” ते म्हणाले. “जिच्या चांगल्या येतील ती ताईच्या करेल.”

“बाबा, मी दोन वर्षं करतेय! हिला चार महिने झाले येऊन!”

“म्हणजे तुला सोपं जाईल.”

गोगल म्हणाली, “काका, ठिणगीलाच करू दे ना. मला चालेल.”

झालं! दान! ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काही गरज नाही,” ती म्हणाली. “होऊन जाऊ दे.”

शनिवारी दुपारी ऊन कडकडीत होतं. बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले. खोलीत थांबायला ते तयार नव्हते. “मी शेजारी असलो की तुम्ही पितळेकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघता.” ताई त्यांच्या शेजारी बसून नखं खात होती.

ठिणगी पहिली गेली. पडदा, पुठ्ठा, ज्योत. अंधारात निळी ज्योत फुरफुरत होती. ती प्रत्येक पुंगळीकडे डोळे फाडून बघत राहिली. एक, दोन, तीन, चार, पाच, लाली, बादली. चुर्र! बहुतेक बरोबर आल्या असं तिला वाटलं. दोन-तीन वेळा डोळ्यांपुढे निळे ठिपके नाचले, तेव्हा अंदाजाने काढल्या. वीस झाल्यावर तिने ज्योत बंद केली, पुंगळ्या फडक्यावर ओतल्या आणि निघाली.

दारापाशी ती थांबली.

तिने वर बघितलं. झरोका. पुठ्ठा.

मी इथे तिची बाजू घेणार नाही. तिने विचार केला, पुरता विचार केला, आणि मग स्टूल कपाटाला लावून चढली. पुठ्ठा काढून कपाटावर आडवा ठेवला. खोलीत फार काही उजेड आला नाही. समोरच्या भिंतीवर फक्त एक पिवळट चौकोन पडला. बाहेरच्या उन्हातून आत येणाऱ्याला तर खोली काळीकुट्टच वाटली असती. पण तेवढा उजेड पुरे होता. तेवढ्या उजेडात पहिली लाली हरवते, दिसते ती थेट दुसरी, आणि तोवर मान मेण झालेली असते.

“तुझा नंबर,” ती बाहेर येऊन गोगलला म्हणाली. आवाज किती गोड लागला होता म्हणून सांगू!

गोगल आत गेली ती गेलीच. दहा मिनिटं. वीस. मध्ये एकदा पत्र्याचं काहीतरी घासत सरकल्याचा खरखराट झाला.

“झोपली बहुतेक,” ठिणगी म्हणाली.

“गप गं,” ताई म्हणाली.

अखेर गोगल आली, फडक्यात पुंगळ्या घेऊन. “मी आवरून येते,” असं म्हणत ठिणगी चपळाईने आत शिरली. स्टुलावर चढली, पुठ्ठा झरोक्यात बसवला. टेबलावर पुंगळ्यांचा पत्र्याचा मोठा डबा आडवा पडला होता. काय ही वेंधळी, डबासुद्धा पाडून ठेवते! ठिणगीने तो उचलून जमिनीवर सरळ ठेवला आणि हात झटकत बाहेर आली.

बाबांनी डाव्या हातात पक्कड घेतली होती. ते एकेका पुंगळीची मान हलकेच दाबायचे आणि सोडायचे. ताव बरोबर बसलेली मान दबते आणि परत गोल होते. जास्त तापलेली दबलेलीच राहते. कमी तापलेली दबतच नाही.

ठिणगीच्या वीसपैकी सोळा बरोबर, तीन मेण, एक दगड. बाबा म्हणाले, “जमतंय.”

मग गोगलच्या. पहिली दबली आणि उठली. दुसरी दबली आणि उठली. ठिणगी श्वास रोखून पुढच्या पुंगळीची वाट बघत होती, आता तरी चेपेल, आता तरी. अकरावी उठली. पंधरावी उठली. विसाव्या पुंगळीला बाबांनी पक्कड खाली ठेवली.

“वीसच्या वीस,” ते हळूच म्हणाले. “अवघड नाही गेलं?”

“सुरुवातीला गेलं, काका,” गोगल म्हणाली. “तो वरचा पुठ्ठा निघाला होता ना, उजेड येत होता. कपाटावर चढायची मला भीती वाटते. मग मी तो पत्र्याचा डबा टेबलावर आडवा ठेवला आणि त्याच्या तोंडात ज्योत लावली. आतून तो काळाच आहे, त्यात लाली बरोबर दिसली.”

बाबा उठले. दारातून आत डोकावले. सगळ्यांनीच डोकावलं. पुठ्ठा झरोक्यात घट्ट बसला होता. डबा जमिनीवर सरळ उभा होता.

“पुठ्ठा तर जागेवर आहे,” बाबा म्हणाले.

गोगलने पुठ्ठ्याकडे बघितलं. मग कपाटाला टेकलेल्या स्टुलाकडे. मग ठिणगीकडे, अगदी सावकाश, जसं ती सगळंच सावकाश करते.

“मग मला भास झाला असेल,” गोगल म्हणाली.

“भास?” बाबांच्या कपाळावर आठी आली. “डब्याचासुद्धा?”

“हो. माहीत नाही.”

बाबांनी पुठ्ठ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, “बाळ, वीस चांगल्या आल्या हे खरं. पण या कामात जे दिसलं तेच दिसलं असं छातीठोकपणे म्हणता आलं पाहिजे. नसलेला उजेड दिसायला लागला तर ज्योतीसमोर बसवता येणार नाही. ताईच्या पुंगळ्या ठिणगी करेल.”

जिंकली! ठिणगी जिंकली होती. तिला फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं, एवढंच काम उरलं होतं.

पण तिचं लक्ष गोगलकडे गेलं. गोगल फडक्याची घडी घालत होती. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. ठिणगीला एकदम कळलं, हिने मला वाचवलं. हिने मला ज्योतीसमोरचं ते स्टूल दिलं, जसं ताईने हिला स्वेटर दिला, वापरून झालेला! आणि खोटंसुद्धा किती सुरेख बोलली, पापणी न लववता. ठिणगी खोटं बोलली असती तर कानापर्यंत लाल झाली असती. म्हणजे यातही हीच पुढे? चांगुलपणातसुद्धा? आता आयुष्यभर ताईच्या प्रत्येक गोळीबरोबर ठिणगीला आठवणार की हे काम गोगलने सोडलं म्हणून मिळालं.

अशक्य. मेली तरी चालेल, पण गोगलचं उपकाराचं ओझं नको.

“मी काढला होता!” ठिणगी ओरडली. इतक्या जोरात की मैदानावरच्या दोघांनी वळून बघितलं. “पुठ्ठा मी काढला, मीच परत लावला, डबापण मीच उचलला! हिला भासबीस काही झाला नाही. हिला सगळं बरोबर दिसलं. हिला नेहमीच सगळं बरोबर दिसतं, त्याचाच तर वैताग आहे!”

मग मात्र तिला रडू फुटलं. शेंबडासकट, अजिबात सुरेख नाही.

ताई ताडकन उठली. “माझ्या पुंगळ्या होत्या त्या! तीन वर्षं राबतेय मी!”

“आजच्या भंगारातल्या होत्या गं,” गोगल मध्येच म्हणाली.

“तू गप बस!” ठिणगी आणि ताई एकदम म्हणाल्या.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाकावर बसले आणि बँडेजकडे बघत राहिले. “आधी पडदा, मग ज्योत,” ते शेवटी म्हणाले. “हा नियम मी पितळेसाठी केला. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाचा अंधार चोरावा, याच्यासाठी नियम करावा लागेल असं नव्हतं वाटलं मला.” मग गोगलकडे वळून म्हणाले, “आणि तू. खोटं बोलून कुणाला वाचवायचं नाही. मी तुझ्या डोळ्यांवर शंका घेतली, ती तुझ्यामुळे.”

“सॉरी, काका.”

“सोमवारी शाळेतून आलात की ताईच्या शंभर पुंगळ्या गोगल करेल. ठिणगी शेजारी बसेल.”

“मी? शेजारी?”

“हिरव्या रेघा ओढायच्या, पुंगळी हातात द्यायची आणि प्रत्येक वेळी ‘आत्ता’ म्हणायचं. ज्योतीला हात लावायचा नाही. पडदा आणि पुठ्ठा तू लावायचास.”

सोमवारी ठिणगीने पडदा लावला. स्टुलावर चढून पुठ्ठा बसवला, दोनदा दाबून बघितला. बाबा मागे भिंतीला टेकून बसले, पक्कड घेऊन.

पहिल्या तीस पुंगळ्या म्हणजे निव्वळ छळ होता. ठिणगी “आत्ता” म्हणायची तेव्हा पुंगळी बादलीत चुर्र करून मोकळी झालेली असायची. नाहीतर ती आधीच म्हणायची आणि गोगल शांतपणे आणखी फिरवत राहायची. एकतिसाव्या पुंगळीला मात्र ठिणगीला काहीतरी दिसलं.

“तू ज्योतीकडे बघतच नाहीस!”

“नाही,” गोगल म्हणाली.

“मग कुठे बघतेस?”

“समोरच्या काळ्या पडद्याकडे. चारपर्यंत. मग पुंगळीकडे. सारखं ज्योतीकडे बघितलं की निळे ठिपके दिसतात ना?”

ठिणगी आ वासून बघत राहिली. निळे ठिपके! दोन वर्षं ती त्या ठिपक्यांशी कुस्ती खेळत होती, आणि ही पेंगुळलेली बया नुसती दुसरीकडे बघत होती!

“सांगायचं नाही का आधी?”

“तू विचारलंस कधी? तू मला फक्त ‘सरक’ म्हणतेस.”

मागून बाबा खोकले. ते हसणं होतं.

ठिणगीने नाक ओढलं आणि पडद्याकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार. पुंगळीकडे. आणि आली! पितळेच्या मानेवर अंधारातून काहीतरी उमललं, रंग म्हणवत नव्हता इतकं हलकं. “आत्ता!” त्याच क्षणी गोगलचा हात निघाला. चुर्र.

पुढच्याला तसंच. त्याच्या पुढच्यालाही. पन्नास, साठ, सत्तर. दोघींचं घड्याळ एक झालं होतं. पण म्हणून ठिणगीच्या मनातला जळफळाट गेला, असं कुणी समजू नये. तो तिथेच होता, हातभर अंतरावर, फक्त आता त्याला बसायला जागा मिळाली होती.

अठ्ठ्याऐंशीव्या पुंगळीला ठिणगी म्हणाली, “आत्ता!”

गोगलचा हात निघाला, पण उशिरा. पापणी लवायला लागतो एवढाच उशीर. कदाचित दमली असेल.

“ही बाजूला काढ,” ठिणगी म्हणाली.

“बरोबर आहे ती,” गोगल म्हणाली.

“गेली ती.”

“नाही गेली!” गोगलचा आवाज पहिल्यांदाच भरभर आला.

बाबांनी ज्योत बारीक करायला लावली आणि बादलीत डावा हात घालून पुंगळी काढली. पक्कडीने हलकेच दाबली, सोडली. मान चेपलेलीच राहिली.

“ठिणगीचं बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “ही बाद. एक जास्तीची घ्या.”

ठिणगीने गोगलकडे बघितलं. आणि काय सांगू! गोगलचे ओठ बारीक झाले होते, नाकपुड्या फुगल्या होत्या, आणि ती बाबांच्या हातातल्या पक्कडीकडे असं बघत होती जसं पक्कडीने तिचं काहीतरी चोरलंय. ठिणगीला तो चेहरा ओळखायला एक क्षणही लागला नाही. चार महिने ती तो रोज आरशात बघत होती.

तिला इतका, इतका आनंद झाला की स्टुलावरून पडायचीच बाकी राहिली.

“गोगल,” ती म्हणाली, “तुझ्या पोटात दुखतंय का?”

“नाही.”

“मग तोंड असं का केलंयस?”

“पुढची दे गपचूप,” गोगल म्हणाली.

ठिणगीने नव्या पुंगळीला हिरवी रेघ ओढली, अगदी सरळ, आणि ती तिच्या हातात ठेवली. दोघींनी एकदमच पडद्याकडे बघितलं आणि मोजायला सुरुवात केली.